फाटकावरचं रजिस्टर

माझे बाबा, सुधाकरराव, इंदूरच्या एका कापड मिलच्या फाटकावर सव्वीस वर्षं नोकरीला होते. मिल बंद पडून जमाना झाला, पण फाटक काही त्यांच्या डोक्यातून निघालं नाही. हे ठाऊक असून मीच पंगा घेतला.

झालं असं, समोरच्या अरविंदजींच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि त्यांचे सगळे फोटो अडकून पडले. बाबांनी धसकाच घेतला. "मंजिरी, आपल्याकडे पण चौकीदार बसव न." म्हणून रविवारी मी एक फुकटातलं फायरवॉल घरच्या कम्प्युटरवर टाकलं. कोणताही नवा प्रोग्राम इंटरनेटवर जायला निघाला की ते विचारतं, सोडू की अडवू? बाबांना सांगितलं, "ओळखीचा असेल तर सोडा, नाही तर अडवा. बस."

बस काय बस! बुधवारी अकराला माझी ऑनलाइन परीक्षा. बारा वर्षं कॉलेजात कच्च्या नोकरीवर शिकवतेय, दर जूनमध्ये नेमणुकीची नवी चिठ्ठी. पक्क्या जागेसाठी वयाच्या अटीनं ही शेवटची संधी. परीक्षेचा प्रोग्राम मोबाइलवर चालत नाही, आणि अकरानंतर कोणाला घेत नाहीत. सोमवारी ट्रायल दिली तेव्हा एकदम मक्खन चाललं होतं.

साडेदहाला बसले तर स्क्रीनवर एकच ओळ, संपर्क होत नाही. पुन्हा चालू केलं, तेच. मग डोक्यात उजेड पडला आणि मी फायरवॉल उघडलं. अरे देवा! तीन दिवसांत बाबांनी सत्तेचाळीस जणांना हाकललं होतं. नावं बघावीत तर नुसती अक्षरं आणि आकडे. फायरवॉलच बंद करावं, तर सूचनांत साफ लिहिलेलं, सुरक्षा बंद दिसली की पेपर रद्द. सगळ्यांनाच सोडावं, तर त्यात चोर कोण, कोणास ठाऊक.

"बाबा, वाट लावलीत तुम्ही माझी! बारा वर्षांवर पाणी!" मी रडकुंडीला आले होते आणि तोंडाला येईल ते बोलत होते.

बाबांनी टेबलाखालून एक जाडजूड रजिस्टर काढलं, चश्मा चढवला. तारीख, वेळ, नाव, कारण. एकेकाला अडवलं तसं लिहून ठेवलेलं!

"आज सकाळी सात वाजून दहा मिनिटं," त्यांनी बोट टेकवलं. "तू परीक्षेचं उघडून अंघोळीला गेलीस, त्याच्या पाठोपाठ हा आला. सोमवारी जो आत गेला तो हा नव्हता. म्हणून अडवला."

तोच होता. प्रोग्रामनं सकाळी स्वतःला नवं करून घेतलं होतं. मी सोडायला गेले तर बाबांनी पेन पुढे केलं. "अनोळखी माणूस आत घ्यायचा तर आतल्या कोणीतरी जामीन राहायचं. मिलचा कायदा. सही कर."

"बाबा, दहा मिनिटं उरलीत!"

"म्हणूनच म्हणतो, लवकर कर."

केली सही. बटण दाबलं, आणि परीक्षेच्या खिडकीत माझा फोटो आला. हुश्श! जीव भांड्यात पडला. बाबा रजिस्टर काखेत मारून बाहेर गेले.

एक वाजता 'आपला पेपर मिळाला' अशी ओळ आली. मी दोनदा वाचली. पेपर झकास गेला होता. अंगावरचं मणाचं ओझं उतरलं.

दार उघडलं तर बाबा बाहेर खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर रजिस्टर. मी वाकून वाचलं. सव्वाअकरा, गॅसवाला. बारा, वर्गणीवाले. साडेबारा, भानुमती, सांवेरहून, डबा घेऊन.

"आत्याला परत पाठवलंत?"

"समोर बसवलीय अरविंदजींकडे. शिव्या घालतेय मला."

प्रत्येकापुढे कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती, 'पोरगी कामावर आहे.'

सकाळी मी यांना काय काय बोलले होते! लाज वाटली, डोळे भरून आले. "झाला बाबा पेपर. मस्त झाला."

बाबांनी घड्याळ बघून वेळ लिहिली, रजिस्टर मिटलं आणि समोर हाक मारली, "भानू, ये गं आता. फाटक उघडलं."