सिस्टरच्या गॅलरीतली डबी

मित्रांनो, नळाच्या तोंडाशी बसून आयुष्य काढलेला मी एक जुना टायमर आहे. जुनी वस्तू बोलायला लागली की आता रडगाणं ऐकावं लागणार, असं तुम्हांला वाटत असेल. पण माझ्या नशिबात तसं काही आलं नाही. म्हणजे आलं होतं, अगदी दारापर्यंत आलं होतं, आणि तिथूनच माघारी गेलं. ते कसं गेलं हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे माझाही जीव हलका होईल.

दिसायला मी काही देखणा नाही. मुठीएवढी करडी डबी, पोटावर एक चकती, पाठीत दोन सेल. पहाटे आणि संध्याकाळी मी 'टक्' करून तोंड उघडतो. मग पिंपातलं पाणी माझ्यातून काळ्या नळीत जातं, तिथून बारीक नळ्यांत, आणि प्रत्येक बारीक नळीच्या टोकाला असलेल्या ड्रिपरमधून कुंडीत पडतं. ड्रिपर म्हणजे बोटाच्या पेराएवढी टोपी. तिच्या भोकातून पाणी थेंबाथेंबानं येतं. ठरलेला वेळ झाला की पुन्हा टक्, आणि माझं तोंड बंद. थेंबे थेंबे तळे साचे असं तुम्ही शाळेत शिकला असाल, पण आमच्या धंद्यात तळं साचलं तर मुळं कुजतात. त्यामुळे वेळेवर गप्प बसणं हेही माझंच काम.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या टोकाला एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक टायमर कानाशी धरून त्याचा आवाज ऐकायच्या, आणि ज्याचा आवाज घोगरा त्याला बाजूच्या टोपलीत टाकायच्या. माझा टक् ऐकून त्यांनी नुसती मान डोलावली आणि पुढचा टायमर उचलला. ती माझी पहिली शाबासकी.

तिथून आलो ते थेट दुकानाच्या फळीवर, नळ आणि वायसर यांच्या मधोमध. दुकानदार भला माणूस. गिऱ्हाईक आलं की मला फडक्यानं पुसायचा आणि माझे गुण गायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, झाडांना पाणी घालायला यंत्र कशाला, हात काय मोडलेत? आणि एक वायसर घेऊन निघून जायचं. असं करता करता माझ्या खोक्याचा रंग उन्हानं उडाला. वाटलं, आपला जन्म बहुतेक फळी अडवण्यासाठीच झाला आहे.

एके दिवशी मात्र एक तरुण आला. घासाघीस नाही, काही नाही. त्यानं एकच विचारलं, हे आमच्या सासूबाईंना पटेल का? दुकानदार म्हणाला, "नळाची खात्री देतो. सासूबाईंची तुमची तुम्ही बघा."

त्या सासूबाई म्हणजे सिस्टर. सगळी नोकरी दवाखान्यात परिचारिका म्हणून झालेली. निवृत्त झाल्या तरी सगळ्या इमारतीच्या त्या सिस्टरच राहिल्या. घरात एकट्या, आणि मागच्या गॅलरीत कुंड्याच कुंड्या. टोमॅटो, पुदिना, गुलाब, आणि कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीत लिंबाचं झाड. ते लेकीनं शाळेत असताना पेरलेल्या बीचं.

त्यांची मातीसुद्धा साधीसुधी नव्हे. जुनी माती चाळून घ्यायची, तिच्यात झाकणाच्या बादलीत मुरवलेलं साली-देठांचं खत घालायचं, नारळाचा भुसा घालायचा, आणि वर चुरलेल्या पानांचं जाड पांघरूण पसरायचं. मग मूठभर माती दाबून बघायची. गोळा व्हायला हवा आणि बोट लावलं की फुटायला हवा. फुटला नाही तर सगळं पहिल्यापासून. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, सिस्टर मातीचासुद्धा ताप बघतात. या वहिनी शिवणकाम करायच्या, आणि त्यांची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार होती.

आता माझी गरज का पडली तेही ऐका. सिस्टरची लेक दुसऱ्या गावी असते. तिला दिवस गेले होते, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. तिला आई जवळ हवी होती. सिस्टरनाही जायचं होतं, पण पाय निघत नव्हता. उन्हाळा तोंडावर आला होता. गॅलरीत दुपारभर ऊन, आणि वहिनींच्या गुडघ्यांना बादल्या उचलणं झेपत नव्हतं. सिस्टर आज जाते, उद्या जाते असं करत राहिल्या. शेवटी लेक फोनवर म्हणाली, "आई, आधी तुझे पेशंट होते, मग तुझ्या कुंड्या आल्या. माझा नंबर कधी लागणार?"

फोन ठेवून सिस्टर लिंबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या सुट्टीला जावई मला घेऊन हजर झाले.

जावयांनी मला पिंपाच्या नळाला बसवलं आणि नळ्या पसरल्या. पिंपात एक तरंगता चेंडू होता, त्यामुळे पाणी कमी झालं की ते आपोआप भरायचं. माझ्या गळ्यात एक बारीक जाळी घातली. सिस्टर हाताची घडी घालून बघत होत्या. पहिला थेंब टोमॅटोच्या कुंडीत पडला तशी त्यांची घडी सुटली.

"अहो, हे तर सलाइन आहे," त्या म्हणाल्या.

झालं, आमचं गोत्र जुळलं. तरी त्यांनी मला सहजासहजी पदरात घेतलं नाही. कितीतरी पहाटे स्टुलावर बसून त्यांनी माझी परीक्षा घेतली. पानांचं पांघरूण सारून मातीत बोट खुपसायच्या आणि कोणाला जास्त झालं, कोणाला कमी पडलं ते बघून एकेक ड्रिपर पिळून जुळवायच्या. अखेर एका पहाटे वहिनींना म्हणाल्या, "ही डबी म्हणजे कामाची बाई आहे. न उठवता उठते आणि झालं की गप्प बसते." तेव्हापासून माझं नाव डबी पडलं. मी टायमर, म्हणजे तसा 'तो', पण त्या शाबासकीपुढे मी तक्रार केली नाही.

मग निघायचा दिवस आला. किल्ली वहिनींकडे दिली. सिस्टरनी त्यांना समजावलं की डबीचा आवाज भिंतीपलीकडे तुमच्या खोलीत येतो. टक् ऐकू आलं की समजायचं पाणी गेलं, उगाच गुडघे झिजवू नका. सामान दारात, रिक्षा खाली, आणि ऐन वेळी सिस्टरना शंका आली. पाणी मिळेल, पण लेकरं जेवतील काय?

त्या परत आत आल्या. खताच्या बादलीतलं काळंभोर पाणी त्यांनी जुन्या ओढणीतून गाळलं आणि सगळंच्या सगळं पिंपात ओतलं. लिंबाच्या खोडावर हात फिरवला आणि गेल्या.

मित्रांनो, हे दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. ज्याला झाडांची माया नाही तो असा घोटाळा कशाला करेल? ओढणीतून सुटलेला बारीक गाळ माझ्या जाळीतूनही सुटला आणि नळ्यांत गेला. उन्हानं पिंप तापलं, नळ्या तापल्या, आणि त्या गाळाची बुळबुळीत साय धरली. सगळ्यांत आधी लिंबाचा ड्रिपर बंद पडला. मग गुलाबाचा. मग एकामागून एक सगळे.

मी रोज पहाटे उठत होतो. टक् करून तोंड उघडत होतो. पाणी नळीत तुंबून राहायचं, एक थेंबही पुढे सरकायचा नाही, आणि वेळ झाली की मी टक् करून तोंड मिटायचो. भिंतीपलीकडे वहिनी तो आवाज ऐकायच्या आणि फोनवर कळवायच्या, डबी घड्याळासारखी वाजते आहे, तुम्ही निर्धास्त राहा. माझ्या ज्या आवाजाची कारखान्यात पारख झाली, त्याच आवाजाच्या भरवशावर झाडं तहानेनं मरायला टेकली होती. बोंब मारावी म्हटलं तर मला एकच शब्द येतो, आणि त्याचा अर्थ सगळं ठीक आहे.

पुदिना आडवा झाला. टोमॅटोनं मान टाकली. लिंबाची पानं पिवळी पडून गळू लागली. मला खरी धास्ती एकाच गोष्टीची होती. हे सिस्टरना कळलं तर त्या लेकीला तशीच टाकून धावत येतील, आणि पुन्हा म्हणून कधी घर सोडणार नाहीत. आणि नाही कळलं तर लिंबू जाईल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी नळाला लटकलेलो.

वाचवलं ते एका पडद्यानं. वहिनींनी कोणाचा तरी मोठा पडदा शिवायला घेतला होता. कापड आधी धुऊन वाळवायचं होतं, आणि त्यांच्या खिडकीत एवढं कापड मावत नव्हतं. म्हणून ओलं कापड खांद्यावर टाकून त्या किल्ली घेऊन आमच्या गॅलरीत आल्या आणि दारातच थबकल्या. नेमकी माझी संध्याकाळची वेळ झाली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर मी टक् केलं. वहिनी एका ड्रिपरकडून दुसऱ्याकडे बघत गेल्या. सगळे कोरडे ठाक, पिंपाच्या पाण्यात काळा गाळ, आणि काठावर काळे डाग पडलेली ओढणी.

त्यांनी लिंबाच्या कुंडीतली पानं सारली आणि सिस्टर करायच्या तसं मातीत बोट घातलं. वर काही नाही. अजून आत घातलं. बोटाला किंचित गारवा लागला. त्या चाळलेल्या मातीनं, त्या भुश्यानं आणि खतानं पोटात राखून ठेवलेली शेवटची ओल होती ती. वहिनींनी नखानं खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

गुडघ्यांना शिव्या घालत त्यांनी तांब्या-तांब्यानं पाणी घातलं. सिस्टरना फोन लावायला घेतला आणि थांबल्या, कारण लेकीला दवाखान्यात नेल्याचं सकाळीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशीही काही कळवलं नाही. पाणी घालत राहिल्या, तिकडच्या फोनची वाट बघत राहिल्या, आणि मधूनमधून माझ्याकडे असं बघत राहिल्या की मी माणूस असतो तर गाव सोडून पळालो असतो.

शेवटी फोन आला. मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होत्या, पण लेकीच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. वहिनींनी डोळे पुसले, फोन स्पीकरवर लावून कुंडीच्या काठाला टेकवला आणि झाडांची सगळी हकीकत सांगितली. ओढणी, काळं पाणी, बंद पडलेले ड्रिपर, लिंबाची पानगळ. शेवटी म्हणाल्या, "सिस्टर, इतकी वर्षं दवाखान्यात काढलीत. सलाइनमधून कधी कोणाला दूध पाजलं होतं का?"

आता त्या म्हणणार, पहिल्या गाडीनं निघते. मी धरून चाललो होतो.

पण फोनमधून सिस्टरचं हसू आलं.

"वहिनी, कुंड्यांचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "वाचतील त्या वाचतील. इथे माझ्या लेकीचा नंबर लागलाय."

मागून एक दमलेला आवाज आला, "आई, खरंच राहतेस?" सिस्टर काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, फोन बंद झाला होता. पण माझ्या पाठीवरचं ओझं त्या क्षणी उतरलं. झाडं अजून वाचायची होती, तरीही उतरलं.

बाकीचं काम वहिनींच्या सुईनं केलं. फोनवर जावयांना विचारून विचारून त्यांनी पिंप रिकामं करून घासलं, नळीचं टोक उघडून सगळा गाळ वाहून जाऊ दिला, माझी जाळी दातांच्या जुन्या ब्रशनं साफ केली. ड्रिपर गरम पाण्यात भिजत घातले आणि चष्मा लावून, बारीकातल्या बारीक सुईनं एकेकाचं भोक मोकळं केलं. सुई ओवण्यात जन्म गेलेल्या बाईला भोक कुठे आहे हे सांगावं लागत नाही. सगळं पुन्हा जोडून त्या स्टुलावर बसल्या. मी टक् केलं. टोमॅटोच्या कुंडीत थेंब पडला, मग गुलाबाच्या, आणि सगळ्यांत शेवटी, आम्हा दोघांचा जीव टांगणीला लावून, लिंबाच्या. वहिनींनी मोठा सुस्कारा सोडला. मला सोडता येत नाही, तो त्यांनीच माझ्याही वाटचा सोडला असं मी मानतो.

पुदिना गेला, ते लपवत नाही. बाकी सगळी सावरली. लेक हिंडूफिरू लागेपर्यंत सिस्टर तिकडे राहिल्या. परत आल्या तेव्हा लिंबाला कोवळी पालवी होती. खताचं पाणी तेव्हापासून त्या तांब्यानं, थेट मातीत घालतात.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. माझ्या चकतीवरचे आकडे पुसट झाले आहेत आणि आवाज थोडा घोगरा झाला आहे. ती कारखान्यातली बाई मला आता टोपलीतच टाकेल. पण दर वेळी लेकीकडे जाताना सिस्टर माझी जाळी धुतात, सेल बदलतात आणि वहिनींना बजावतात, टक् वर विश्वास ठेवू नका.

मित्रांनो, तेच मी तुम्हांला सांगतो. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला स्वच्छ पाणी द्या, त्याची जाळी धुवा, म्हणजे ते तुम्हांला दगा देणार नाही. आणि ते कितीही वेळेवर वाजत असलं तरी अधूनमधून स्वतः मातीत बोट घालून बघा. यंत्राला वेळ कळते, तहान कळत नाही.

या सुट्टीत ती नात आली आहे. सकाळी मी टक् केलं तशी धावत गॅलरीत आली, लिंबाची पानं सारली आणि अख्खं बोट मातीत खुपसलं. आजी आतून विचारत होती, काय म्हणतंय गं झाड?

"ओलं आहे," नात म्हणाली. "म्हणजे आजी, तू आमच्याकडे राहायला येऊ शकतेस."