अर्धा आटा जास्त

स्मृती पहिल्यांदा नापास झाली ती पंख्यामुळे. आवाजात खोट नव्हती, वाचनात नव्हती. लॅपटॉपचा पंखा मागे घोंघावत होता, एवढंच. पुण्याच्या स्टुडिओतल्या आसावरी मॅडम फोनवर म्हणाल्या, "आवाज गोड आहे गं तुझा, पण मागे पिठाची गिरणी चालू आहे. रविवारी चार वाजता परत घेते. दुसरी संधी देते, तिसरी देत नाही."

म्हणजे घरी बसून काम करा, पण घर स्टुडिओसारखं पाहिजे. खोली तुमची, वीज तुमची, यंत्र तुमचं, आणि चाचणी त्यांची. मालिकांना आवाज द्यायचं काम. समोर चित्र चालणार, पोरगी माइकवर बोलणार, आवाज तिथल्या तिथे साफ होऊन पुण्याला जाणार. त्याला पळणारं यंत्र लागतं. यंत्र हळू असलं की आवाजात कडकड येते. पळवलं की तापतं. तापलं की पंखा ओरडतो. गाढवाला पळवायचं, पण धापा टाकू द्यायच्या नाहीत, असला हा प्रकार.

एका दुकानात विचारलं. टाय घातलेला पोरगा म्हणाला, एक लाख चाळीस. मी त्याला म्हटलं, "यात सोनं किती ग्रॅम आहे?" तो हसला नाही.

मी श्रीहरी, तिचा बाप. इकडे कन्नड मुलखात, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात, एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. साचे केले, डाय केल्या, केसाच्या दहाव्या भागाएवढं माप हातानं साधलं. दहावी नापास. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर पत्र्याचा डबा, त्यात गरम होणारा एक चौकोन आणि ती उष्णता बाहेर काढायची सोय. उष्णता मला कळते. मी स्मृतीला म्हटलं, "आपण बांधू."

तीन आठवडे पोरगी आणि मी त्यावरच होतो. ती वाचायची, व्हिडिओ बघायची, कागदावर लिहायची. मी करायचो. यशवंतपूरला जुन्या कॉम्प्युटरच्या भागांचं दुकान चालवणाऱ्या हयवदनकडून वापरलेला प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी घेतली. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलंच नाही. तिला खेळ खेळायचे नव्हते, आणि एक कार्ड कमी म्हणजे एक पंखा कमी. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर तेवढा नवा, भलामोठा, वीतभर उंचीचा. त्याचा तांब्याचा तळ मी सरफेस प्लेटवर बारीक पॉलिश पेपरनं तीन दिवस घासला. निळी शाई लावून बघितलं, सगळीकडे सारखी लागली. त्यात तोंड दिसत होतं. दोन मोठे पंखे रबरी वॉशरवर टांगले, म्हणजे पत्र्याला थरथर लागणार नाही. सगळं मिळून बावन्न हजार.

प्रोसेसर कंपनीनं दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा होता. स्मृती एकेक पायरी चढवत गेली. अठ्ठेचाळीसशे मेगाहर्ट्झला पोचली. शनिवारी दोन तास यंत्राला मरेपर्यंत राबवलं. हँग झालं नाही. पंखे इतके हळू की कान लावला तरी आपलाच श्वास ऐकू येईल. स्मृतीनं झाकण लावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अप्पा, आता कोणीही हात लावायचा नाही. पास झालंय. संपलं."

"सरी, सरी, बरं," मी म्हटलं.

रविवार यासाठीच निवडला होता. रविवारी आमच्या गल्लीतल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेस बंद असतात. कमला, माझी बायको, सकाळीच बहिणीकडे गेली, घरात भांडं पडायला नको म्हणून. खिडकीला गादी लावली. फ्रिज बंद, छताचा पंखा बंद. त्यामुळे खोली भट्टी झाली, आणि दहा वाजता प्रोसेसरच्या उष्णतेचा आकडा दिसला शहाऐंशी. शनिवारी तो सत्त्याहत्तर होता. ऐंशीच्या वर गेलं की पंखे जोरात फिरणार, हे तिनंच सेट केलेलं.

स्मृती अंघोळीला गेली होती.

मी यंत्र बंद केलं. झाकण काढलं. कूलरचे चार स्क्रू. हाताला वाटलं, सैल आहेत. आमच्या टूलरूममध्ये जॉब धरणारं फिक्स्चर सैल असलं की जॉब उडून माणसाच्या तोंडात बसतो, त्यामुळे आम्ही आवळतो. आवळलं की तळ घट्ट बसेल, उष्णता पटकन जाईल, साधा हिशोब. प्रत्येक स्क्रूला अर्धा आटा जास्त दिला. झाकण लावलं, चालू केलं, थोडा वेळ राबवलं. त्र्याऐंशी. तीन डिग्री उतरले! बाकी पडद्यावर काय लिहिलंय ते मी बघितलंच नाही. ती केस पुसत बाहेर आली तेव्हा मी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो.

दीड वाजता तिनं कामाचं सगळं उघडलं, चित्र लावलं, माइकवर एक वाक्य बोलली आणि परत ऐकलं.

कड. कड कड. कड.

"हे काय?" ती म्हणाली. परत बोलली. परत कडकड. मग आकडे उघडले. "अप्पा, मेमरी सोळा दाखवतंय."

"किती हवी?"

"बत्तीस. काल बत्तीस होती." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही काही हात लावलात?"

"नाही," मी म्हटलं.

एवढ्या पटकन आलं ते, की मलाच कळलं नाही कुठून आलं. ती अजून माझ्याकडे बघत होती, म्हणून मी आवाज चढवला. खोट्या माणसाचा आवाज आधी चढतो. "त्या हयवदननं टोपी घातली! वापरलेला माल म्हणून कचरा दिला!" फोन उचलला आणि त्याला लावला. तिच्यासमोर, कन्नडात, जेवढं येतं तेवढं सगळं बोललो. त्याच्या दुकानाला बोललो, त्याच्या वजनकाट्याला बोललो, जो त्याच्याकडे नाहीच.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "अण्णा, मेमरी मी स्वतः तपासून दिली. कूलर जास्त आवळलाय का बघा. बोर्ड वाकला की प्रोसेसरच्या पिना नीट टेकत नाहीत, अर्धी मेमरी जाते. स्वल्प सैल करा."

मी फोन कट केला.

"काय म्हणाला?" स्मृतीनं विचारलं.

"काय म्हणणार. हात वर केले."

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. अर्ध्या आट्याला बोर्ड वाकतो की नाही, हे एकतीस वर्षं पत्रा वाकवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तोंड उघडायचं होतं, बस. उघडलं नाही.

तिनं झाकण काढलं. मेमरीच्या दोन पट्ट्या काढल्या, खोडरबरनं घासल्या, परत बसवल्या. चालू केलं. पट्टी हलवली की हे यंत्र आधी काळा पडदा दाखवतं, दोन-तीन मिनिटं स्वतःशीच काहीतरी तपासतं. आपण फक्त बघत बसायचं. सोळा. पट्ट्यांची अदलाबदल. काळा पडदा. सोळा. एकच पट्टी इकडे. काळा पडदा. तीच पट्टी तिकडे. काळाच पडदा, उठेचना. तिच्या कानामागून घाम ओघळत होता आणि पंखा लावायला सोय नव्हती, कारण खोलीतली धूळ उडेल, उघड्या यंत्रात जाईल. मी टॉर्च धरून उभा होतो. माझा उजेड मेमरीवर पडत होता. कूलरच्या स्क्रूवर मी तो पडू देत नव्हतो.

दोन. सव्वादोन. अडीच.

"पट्ट्या दोन्ही चांगल्या आहेत," ती स्वतःशी म्हणाली. "एकेकटी या बाजूला चालते. त्या बाजूलाच काही होत नाही. बोर्डच गेला असेल."

"असेल," मी म्हटलं. नालायक माणूस.

तीन वाजून पाच मिनिटांनी तिनं हात पुसले आणि मोबाइल घेतला. मी खांद्यावरून वाचलं. 'मॅडम, सॉरी, आज जमणार नाही, मशीनमध्ये...' अंगठा थांबला होता. पुढे काय लिहावं ते तिला सुचत नव्हतं. कारण पुढे जे लिहायचं होतं ते माझ्याकडे होतं.

"पाठवू नको," मी म्हटलं.

"मग काय करू? तिसरी देत नाहीत त्या."

"मी आवळले."

"काय?"

"कूलरचे स्क्रू. सकाळी. तू अंघोळीला गेली होतीस. अर्धा आटा. चारही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "दीड वाजता मी विचारलं होतं," ती म्हणाली. "दीड वाजता, अप्पा."

"हो."

"आणि हयवदनला शिव्या घातल्यात."

"हो."

"लावा त्याला फोन. स्पीकरवर. किती सैल करायचे ते विचारा."

मी लावला. पाच वेळा वाजल्यावर उचलला. "आता कोणाला शिव्या, अण्णा? माझ्या आजोबांना राहिल्या होत्या."

"हयवदन, मेमरी चांगली आहे. मीच आवळला होता."

तो हसला. मन लावून हसला. "ठाऊक होतं! पीण्याचे सगळे असेच. मागच्या महिन्यात तुमच्याकडचाच एक जण पान्हा घेऊन आला होता दुकानात. कॉम्प्युटर आहे अण्णा, लॉरीचं चाक नाही."

"किती सैल करू ते सांग. चार वाजता पोरीची परीक्षा आहे."

त्याचं हसणं थांबलं. "वीज बंद करा. कूलर उचलू नका, जागेवरच राहू दे. चारही स्क्रू सैल. मग कोपऱ्याकोपऱ्यातनं, तिरपे, थोडे थोडे आवळा. स्क्रूड्रायव्हर मुठीत नाही धरायचा. दोन बोटांत. बोटं थांबली की आपण थांबायचं."

मी स्क्रूड्रायव्हरकडे हात नेला. स्मृतीनं तो आधीच उचलला होता.

"तुम्ही टॉर्च धरा," ती म्हणाली.

तिनं केलं. पहिला स्क्रू सुटताना कट्ट असा आवाज आला, इतका आवळला होता मी. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. चारही सैल. मग अंगठा आणि तर्जनी, तिरपं, पाव फेरा, परत तिरपं. बोटं थांबली, ती थांबली. माझी मूठ टॉर्चभोवती नुसती वळत होती.

तीन बत्तीस. चालू केलं. काळा पडदा. मी मनात मोजायला लागलो. एकशेसाठपर्यंत गेलो.

बत्तीस.

"आलं!" मी म्हटलं.

"हळू बोला." तिनं यंत्र राबवायला लावलं. ऐंशी, चौऱ्याऐंशी, सत्त्याऐंशी. पंखे गुरगुरायला लागले. खोली सकाळपेक्षा जास्त तापली होती. तिनं वेगाचा आकडा उघडला.

"अठ्ठेचाळीसशे राहू दे की," मी म्हटलं. "शनिवारी दोन तास चाललं. दोन मिनिटं दार उघडू, हवा येईल..."

"पंचेचाळीसशे," ती म्हणाली आणि व्होल्टेजही उतरवलं. "कामाला तेवढं पुरतं. अठ्ठेचाळीस तुम्हाला लोकांना सांगायला हवं होतं."

तोंडात मारल्यासारखं झालं. पण आकडा खाली आला. एकोणऐंशी. शहात्तर. पंखे गप्प. तिनं एक वाक्य बोलून परत ऐकलं. स्वच्छ. मागे काही नाही, विहिरीत वाकून बघावं तसं.

तीन बावन्न.

"तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली.

"मी हलणार नाही, बोलणार नाही..."

"अप्पा. बाहेर."

मी दाराबाहेर पायरीवर बसलो. ऊन तोंडावर होतं. दाराच्या फटीतून तिचं तेवढं ऐकू येत होतं, आसावरी मॅडम तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये. कुणा बाईचे संवाद होते, नवऱ्याला घराबाहेर काढणारीचे. तिनं ते आठ-नऊ वेळा म्हटले. प्रत्येक वेळी थांबायची, तिकडचं ऐकायची, 'हो मॅडम' म्हणायची आणि परत सुरू. मी कान देत होतो शब्दांना नाही, त्यांच्या मागे. पंखा उठतोय का. एकदाही उठला नाही. चाळीस मिनिटं मी मांडी बदलली नाही, पाय दगड झाले.

मग तिचा आवाज साधा झाला. संवाद संपले होते.

"थँक यू मॅडम... नाही नाही, लॅपटॉप नाही. नवीन आहे... नाही, विकत नाही घेतलं, घरीच बांधलंय."

मी मान वर केली.

"कोणी म्हणजे?" ती म्हणाली. "मी."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिच्या कपाळावर हेडफोनचा वळ होता. "मिळालं," ती म्हणाली. "बारा भाग. मंगळवारपासून."

"छान झालं."

"ऐकलंत ना, मी काय सांगितलं ते?"

"ऐकलं."

"मग?"

तीन दिवस घासलेला तांब्याचा तळ माझ्या जिभेवर आला होता. वॉशर आले होते, निळी शाई आली होती. सगळं गिळलं. "मग काय. बरोबर सांगितलंस."

ती माझ्या शेजारी बसली नाही, एक पायरी सोडून खाली बसली. पाठ माझ्याकडे.

"बरोबर नाहीये ते," ती म्हणाली. "पण आज मला तसंच सांगायचं होतं."