सव्वीस की छत्तीस

बाबांना जाऊन सात महिने झाले. भेटायला येणारे त्यांच्या हुशारीबद्दल बोलतात, शांत स्वभावाबद्दल बोलतात. मी ऐकून घेते. मला मात्र सारखी आठवते ती त्यांची भीती. ती मी एकदाच पाहिली, १९७९च्या मे महिन्यात, आणि तिला कारण मी होते.

बाबा, म्हणजे मधुसूदन, परीक्षांचे निकाल तयार करणाऱ्या एका केंद्रात प्रोग्रामर होते. नागपूरच्या मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, ते हातात स्वेटर घेऊन घराबाहेर पडायचे. मशीनची, म्हणजे कॉम्प्युटरची, खोली थंडगार ठेवावी लागे. समोरच्या यमुताई अंगणातून रोज विचारायच्या, "भावोजी, काश्मीरला निघालात का?" आणि बाबा रोज म्हणायचे, "हो, संध्याकाळी परत येतो."

मशीन भाड्याचं होतं, मुंबईच्या एका कंपनीचं. त्याचं झाकण उघडायची बाबांना परवानगी नव्हती. त्याची पुस्तकं कंपनीच्या कपाटात कुलपात असत आणि किल्ली इंजिनिअरकडे. इंजिनिअर आला की बाबा पुस्तक मागून घ्यायचे आणि तो जाईपर्यंत पानंच्या पानं वहीत उतरवून काढायचे. काही बिघडलं की मुंबईला ट्रंककॉल लावायचा, तीन दिवस वाट पाहायची, मग टाय लावलेला एक तरुण येणार, चाचणीची स्वतःची कार्डं मशीनमध्ये चालवून पाहणार आणि रजिस्टरमध्ये लिहिणार, "यंत्र निर्दोष." बाबा हसून म्हणायचे, "आमच्या मशीनले आजवर एकही आजार झाला नाही. फक्त ते मधूनमधून मरते."

सुट्टीत त्यांचा डबा सायकलवरून पोचवायचं काम माझ्याकडे होतं. मशीनच्या खोलीत मला जाता येत नसे. शेजारच्या खोलीत गोपिकाबाई कार्डांना भोकं पाडायच्या. एका विद्यार्थ्याचं एक कार्ड, त्यावर भोकांच्या खुणांनी नंबर आणि सगळ्या विषयांचे गुण; ती भोकं मशीन वाचायचं. तिथे वाळ्याचा कूलर होता आणि त्याच्या तोंडाशी कार्डांच्या पेट्या रचलेल्या असत. उन्हाच्या झळांनी कार्डं वाकतात म्हणून त्यांना गार हवेत ठेवायचं, हा बाबांचाच सल्ला. मीही त्या पेट्यांना टेकून किती दुपारी गारव्यात बसले होते.

मी त्या वर्षी दहावीची परीक्षा दिली होती. बाबांनी तसं जानेवारीतच कार्यालयाला लिहून कळवलं होतं. त्यांचे साहेब दत्तोपंत म्हणाले होते, "दुसरा आहे कोण माझ्याकडे? तूच कर."

त्या शुक्रवारी बाबा चार वाजताच घरी आले. उन्हातून चालत आले होते आणि स्वेटर आणला नव्हता. पाणीही न पिता त्यांनी मला विचारलं, "नीलू, गणिताचा पेपर कसा गेला होता वं?"

मार्चपासून हा प्रश्न जो विचारेल त्याला मी एकच उत्तर देत आले होते. "चांगला गेला, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना बरं वाटलं असेल.

आमच्या घराला दोनच खोल्या होत्या. स्वयंपाकघरात ते आईला सांगत होते ते सगळं मला ऐकू आलं.

"प्रिंटरचा कागद फाटला म्हून एक पेटी दुसऱ्यांदा चालवली. तेच कार्ड, तोच प्रोग्राम. आन् सात पोराइचे निकाल बदलले. चार पास झाले, तीन नापास."

"असं कसं होईन?"

"मशीन चुकीचं वाचून राहिलं. कार्ड दोनदा वाचून जुळते का पाहाची एक तपासणी असते त्याच्यात. ती कंपनीनंच बंद करून ठेवली, मशीन सारखं थांबते म्हून. म्या बोलावलं तं कंपनीचा तो पोरगा म्हणते, यंत्र निर्दोष आहे, तुमचे कार्ड दमट आहेत." बाबांनी आवाज खाली आणला. "आन् ते खरं आहे, वच्छला. कूलरपाशी ठेवाले म्याच सांगतलं होतं."

"मंग तसं सांगून टाका."

"त्या सातात नीलू आहे. गणितात पयल्या खेपेले सव्वीस, दुसऱ्या खेपेले छत्तीस."

पास व्हायला पस्तीस लागायचे. आईच्या हातातलं भांडं ओट्यावर टेकल्याचा आवाज आला.

"तो म्हणते, दुसऱ्या वेळी मशीनजवळ कोण होतं? अभिनंदन, तुमची मुलगी पास झाली. साहेबाइच्या समोर म्हणाला. साहेबानं पेटीले सील लावलं. मी म्हणालो, जानेवारीत पत्र देल्लं होतं मी. तं म्हणे फायलीत ते पत्र सापडत नाही."

दत्तोपंतांनी त्यांना एक मार्ग दिला होता. 'दुसरी यादी माझ्या चुकीमुळे निघाली, पहिलीच बरोबर आहे,' असं बाबांनी लिहून सही करायची आणि पंधरा दिवस रजेवर जायचं. सोमवारी अकरापर्यंत. सही केली नाही तर प्रकरण पोलिसांत जाईल.

"करून टाका सही," आई म्हणाली.

"आन् बाकीच्या चाळीस पेट्या? त्याच्यात किती पोरं गेले असतीन, कोणाले मालूम?"

"तं मंग पेटी उघडाले लावा. कार्ड डोळ्यानंही वाचता येते, तुमीच सांगता."

"तेच तं भेव आहे. नीलूचा पेपर चांगला गेला म्हणते ते. म्हणजे कार्डावर छत्तीस असन नाही तं त्याच्यावर. पयले सव्वीस निघाले होते हे साऱ्याइनं पाहिलं. आता कार्डावर छत्तीस दिसले तं काय म्हणतीन? बापानं कार्डच बदललं म्हणतीन."

मी दाराला टेकून उभी होते. गणिताच्या पेपरात मी अर्ध्याहून जास्त प्रश्न सोडले होते. शेवटचा तासभर मी पंख्याकडे पाहत बसले होते. कार्डावर सव्वीसच असणार, हे घरात फक्त मला माहीत होतं.

मी गप्प राहिले. बाबांनी सही केली असती तर मी नापास झाले असते, पण घरच्यांच्या लेखी दोष मशीनचा झाला असता आणि आयुष्यभर सगळ्यांनी माझी कीव केली असती. हे तेव्हा माझ्या मनात आलं होतं. ते मी लपवत नाही.

शनिवारी बाबा जेवले नाहीत. त्यांनी वह्या काढल्या, मशीनच्या पुस्तकातून उतरवलेल्या, आणि तीच तीच पानं उलटत राहिले. रविवारी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जीप येऊन थांबली. बाबा बनियनवर बसले होते. ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला, वरपासून खालपर्यंत गुंड्या लावल्या, केसांवरून हात फिरवला आणि खुर्चीत ताठ बसले. जीप कुणाच्या तरी घरी लग्नाचं सामान घेऊन आली होती. ती निघून गेल्यावरही बाबांनी सदरा काढला नाही.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बाबा, पेपर चांगला नव्हता गेला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावतील म्हणून मी मागे सरकले, पण ते म्हणाले, "प्रश्नपत्रिका आहे?"

होती. वहीच्या कव्हराखाली दडवून ठेवलेली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक प्रश्न विचारायला लागले. हा केला? कसा केला? उत्तर काय आलं? मी सांगत गेले आणि ते समोर गुण मांडत गेले, सगळीकडे सढळ हातानं, देता येतील तितके. बेरीज अठ्ठावीस आली.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "याच्यावर कोणीच देऊ शकत नाही. आणखी काही लिवलं होतं? आठव बरं."

"नाही."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई दारातून म्हणाली, "पोरगी नापास झाली आन् तुमी हसून काहून राहिले?"

"आता पेटी उघडाले लावतो," बाबा म्हणाले.

सोमवारी दहा वाजता ते एक कागद घेऊन गेले. त्यावर त्यांनी लिहिलं होतं की सीलबंद पेटी सर्वांसमक्ष उघडावी. माझ्या मुलीच्या कार्डावर गणितात अठ्ठावीसपेक्षा जास्त गुण निघाले तर मी लबाडी केली असं समजून मला पोलिसांच्या स्वाधीन करावं. कार्डं कूलरसमोर ठेवण्याची चूक माझी आहे, हेही त्यात होतं. खाली सही.

ते गेल्यावर मी प्रश्नपत्रिका घडी करायला घेतली आणि सातव्या प्रश्नाशी थांबले. प्रमेय. आठ गुण.

ते मी सोडलं होतं. सोडलंच होतं. पण शेवटची घंटा व्हायच्या आधी, पंख्याकडे पाहता पाहता, मागच्या पानावर मी त्याची आकृती काढली होती. आकृतीखाली काही ओळी लिहिल्या होत्या. किती ओळी? ते पान मी खोडलं होतं का? मी डोळे मिटून ते पान आठवायचा प्रयत्न केला. आकृती दिसत होती. खोडल्याची रेघ दिसत नव्हती.

अठ्ठावीस आणि आठ. छत्तीस.

मी आईला काही न सांगता सायकल काढली. साडेदहाच्या उन्हात हँडलला हात लावता येत नव्हता. वाटेभर मी एकच मागत होते, मी नापास व्हावं. कुणा परीक्षकाला दया आली नसावी. ते पान त्यानं उलटलंच नसावं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पास होण्यासाठी मी देवापुढे उभी राहिले होते, पण इतकं जीव तोडून काही मागितलं नव्हतं.

पोचले तेव्हा मशीनच्या खोलीचं दार बंद होतं. दाराला काच होती. मी काचेला नाक लावलं. टेबलावर पेटी, सील तोडलेलं. एका बाजूला दत्तोपंत, एका बाजूला टाय लावलेला इंजिनिअर, भिंतीशी गोपिकाबाई पदर तोंडाला लावून. बाबा सगळ्यांत लांब, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. आपला हात टेबलाकडे जाताना कुणाला दिसू नये म्हणून.

मी काचेवर थाप मारली. बाबांनी वळून पाहिलं. मी मान हलवली, नको, नको. त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं मी भ्यायले आहे, म्हणून ते किंचित हसले आणि पुन्हा टेबलाकडे वळले.

दत्तोपंतांनी पेटीतून एक कार्ड ओढलं. नंबर पाहिला. चष्मा वर केला. कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं आणि बोटानं एकेक रकाना मोजत गेले. काचेपलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी कार्ड इंजिनिअरकडे दिलं. त्यानंही उजेडात धरलं, बराच वेळ, आणि टेबलावर ठेवून खिशातून रुमाल काढला.

गोपिकाबाईंनी पदर खाली घेतला आणि काचेकडे पाहून दोन बोटं दाखवली, मग सहा.

चाळीस पेट्यांमधली कार्डं पुढे चार दिवस सतरंज्यांवर पसरून सुकवली गेली. कार्ड दोनदा वाचायची ती तपासणी सुरू करायला लावून बाबांनी सगळं पुन्हा चालवलं. निकाल नऊ दिवस लांबला, वर्तमानपत्रांनी केंद्राला शिव्या दिल्या. चौतीस मुलांचे निकाल बदलले. बाबांना कूलरबद्दल मेमो मिळाला. कंपनीच्या रजिस्टरमध्ये इंजिनिअरनं लिहिलं, "कार्डे दमट. यंत्र निर्दोष." माझा नंबर वर्तमानपत्रात नव्हता. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी बाबा बाहेर आले ते जवळजवळ धावतच. व्हरांड्यात मला पाहून म्हणाले, "काहून आली वं इतक्या उन्हाची? सव्वीस निघाले. सव्वीस!" त्यांच्या आवाजात असा आनंद मी त्याआधी ऐकला नव्हता.

मी त्यांना प्रमेय सांगितलं. मागचं पान, आकृती, त्याखालच्या ओळी.

ते ऐकत उभे राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, ओठ पांढरे पडले, आणि ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. सगळं होऊन गेलं होतं. कार्ड आत टेबलावर होतं, त्यावर सव्वीस होते, आता कुणी त्यांना काही करू शकत नव्हतं. तरी त्यांचे हात थरथरायला लागले. त्यांनी ते गुडघ्यांमध्ये दाबून धरले. मी शेजारी बसले. आतून मशीन सुरू केल्याची घरघर यायला लागली.

त्यांनी विचारलं, "सिद्धता पुरी केली होती?"

"अर्धी."

"कुठवर?"

मी बोटानं फरशीवरच्या धुळीत आकृती काढली आणि कुठवर आले होते ते दाखवलं. बाबा वाकून पाहत राहिले. मग त्यांनी बोटानं पुढची रेघ काढली.