सेरीनचा दुसरा गळा

जवळ या, अजून जवळ. चटईवर जागा आहे. शेगडीवर चहाचं पहिलं पाणी चढलंय; आमच्याकडे चहा तीनदा उकळून तीनदा देतात. तिसरं पाणी उतरेपर्यंत एक गोष्ट सांगते, मध्येच उठून जाऊ नका म्हणजे झालं. गोष्ट आमच्या केर-सांबेल गावच्या बिराहिम न्जायची, आणि ज्या फोनने त्याची झोप उडवली त्या फोनची.

आमच्याकडे थोर माणसाने आवाज चढवायचा नसतो. आमचे गुरू सेरीन मासांबा शुक्रवारच्या नमाजानंतर कडुनिंबाखाली मेंढीच्या कातड्यावर बसतात आणि गुडघ्याशी बसलेल्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू एक वाक्य बोलतात. गुडघ्याशी बसलेला माणूस ते उचलतो आणि साऱ्या मेळाव्याला ऐकवतो. हे काम बिराहिमचं. पण ऐकवतो म्हणजे काय! सेरीन म्हणायचे, "तहानलेल्याला पाणी द्या." बिराहिम ते वाक्य घ्यायचा, आळवायचा, त्यात रखरखीत वाट आणायचा, थकलेला उंट आणायचा, विहिरीच्या काठावर दोर तुटलेली म्हातारी आणायचा. सूर चढत चढत जायचा आणि मग "पाणी द्या" या दोन शब्दांवर असा उतरायचा की आमच्या बायकांच्या रांगेत एकही डोळा कोरडा राहायचा नाही. मला तर गायलेलं प्रवचन म्हणजे जेवणापेक्षा प्यारं. शुक्रवारी मी मासळीचा भात झाकून ठेवून जायची, आणि परत येईपर्यंत तो गार झाला तरी मला भूक नसायची. लोक बिराहिमला सेरीनचा गळाच म्हणायचे.

आता आमची निम्मी पोरं इटलीत. शुक्रवारी ती कामावर असतात. कानाला फोन लावून तास-दोन तास बसायची सोय त्यांना कुठून? त्यांनी निरोप धाडला, सेरीनचे शब्द लिहून पाठवा, येता-जाता बसमध्ये वाचू. आणि सोबत एक फोन पाठवला, आपली वोलोफ बोली ऐकून तिची अक्षरं काढणारा. तो आला मातार जोपच्या हाती. मातार गावचा शिंपी, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ.

पहिल्याच शुक्रवारी मातारने तो फोन कातड्यावर सेरीनच्या अगदी तोंडाशी ठेवला. जागा पुरेना, म्हणून बिराहिमला म्हणाला, "जरा सरक की."

बिराहिम वीतभर सरकला. त्या एका वितीने सगळा घात केला.

प्रवचन संपलं. एरवी सेरीन बिराहिमच्या खांद्यावर हात ठेवून उठायचे. त्या दिवशी ते उठलेच नाहीत. चष्मा लावून त्यांनी फोन हातात घेतला आणि स्वतःचीच वाक्यं ओठ हलवत वाचत बसले, नव्या नातवाचं तोंड बघावं तसे हसत. बिराहिम खांदा पुढे करून उभाच. मी लांबून पाहिलं, त्याचा चेहरा पार उतरला होता.

पुढचे दिवस बिराहिमला काही गोड लागेना. घरी त्याची थोरली बायको, माती तिचं नाव, त्याच्यापुढे भाताची परात ठेवून म्हणाली, "जेवा की. का, सवत जेवू देत नाही?"

"कसली सवत?"

"ती काळी, चपटी. सेरीनच्या मांडीशी बसते ती. मी वर्षानुवर्षं जे गिळलं ना, त्याचा एक घास आता तुमच्या घशाशी आलाय. धाकटी आणलीत तेव्हा मला काय म्हणाला होतात, आठवतंय? 'घर मोठं झालं, माती.' मग आता तुम्हीही म्हणा, मेळावा मोठा झाला."

धाकटी चुलीशी पाठ करून हसत होती. बिराहिम न जेवता बाहेर पडला आणि मातारच्या दुकानासमोर, जिथे सगळे चहाला जमतात, तिथे येऊन बसला.

आता आमच्याकडची एक गोष्ट ध्यानात घ्या. जोप आणि न्जाय या दोन आडनावांत थट्टेचं नातं आहे, बापजाद्यांपासूनचं. न्जायने जोपला शिव्या द्यायच्या, जोपने न्जायला हावरट म्हणायचं, आणि कुणी राग धरायचा नाही. राग धरला तर त्याचंच हसं.

मातार शिवणयंत्रावरून म्हणाला, "या न्जाय, या! भात संपला वाटतं घरचा? इटलीवाले विचारत होते, आता सेरीनचे शब्द थेट मिळतात, तर तो मधला ओरडणारा कशाला हवा? मी म्हटलं, राहू द्या बिचाऱ्याला, भुईमूग खणायला उपयोगी पडेल."

सगळे खदखदून हसले. बिराहिमला मात्र तो शब्द लागला. मधला ओरडणारा! सेरीनच्या गुडघ्याशी असलेली ती जागा त्याच्या बापाची, आजोबाची. आणि ती जायला निघाली होती. तो उठून उभा राहिला.

"जोप, पुढच्या शुक्रवारी तुझं ते फोनचं भांडं तिथे दिसलं तर विहिरीत टाकीन. आणि मागोमाग तुला!"

लोक मांड्या थोपटून हसायला लागले. मातार तर खुर्चीवरून घसरला. "वा रे न्जाय! आधी तुझा भाताचा टोप टाक, विहीर बुजली तर बघू!"

बिराहिम घसा फोडून ओरडला, "मी खरं बोलतोय!" तेव्हा तर कुणाला हसू आवरेना. खरं बोलणारा न्जाय, आणि तेही जोपशी! यापेक्षा झकास थट्टा कुणी ऐकलीच नव्हती. बिचारा एकटाच आपल्या रागात उभा होता, आणि साऱ्या गावाने त्याला टाळ्या दिल्या.

शुक्रवार आला. फोन होता तिथेच. बिराहिमने त्याला विहिरीत टाकलं नाही. त्याने दुसरंच केलं.

सेरीन हळू बोलले, "शेजाऱ्याचं दार तुमचंच दार समजा."

बिराहिमने मान वर केली आणि बाजारात कांद्याचा भाव सांगावा तसं सांगितलं, "शेजाऱ्याचं दार तुमचंच दार समजा." संपलं. ना सूर, ना उंट, ना म्हातारी.

मेळावा वाट बघत राहिला. सेरीनही वाट बघत राहिले. मग त्यांनी घाईने दुसरं वाक्य काढलं. बिराहिमने तेही तसंच कोरडं ठेवून दिलं. तिसरं यायला वेळ लागला. चौथं आलंच नाही.

आणि तेव्हा मला कळलं, मला काय, सगळ्यांनाच कळलं. इतकी वर्षं बिराहिम गात असताना सेरीन डोळे मिटून बसायचे, ते पुढचं वाक्य शोधायला. त्याच्या गाण्याच्या सावलीत त्यांचा विचार पिकायचा. गाणं गेलं, सावली गेली. आणि आमचे सेरीन, एवढे विद्वान, कडुनिंबाखाली उघडे पडल्यासारखे बसले. ओठ हलले, शब्द नाही. फोनची काच पांढरीफटक. मातार ती बोटाने पुसत होता, जशी काही धुळीचीच चूक होती.

सेरीन अखेर म्हणाले, "बिराहिम, तू रुसलास?"

बिराहिम खाली मान घालून म्हणाला, "तुम्हाला दुसरा गळा मिळाला, सेरीन. मी सरकतो."

"ऐक," सेरीन म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने की आमच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. "लोक घरी जाताना तुझी चाल गुणगुणत जातात. माझं वाक्य कुणाच्या ओठावर मी कधी ऐकलं नाही. त्या काचेवर पहिल्यांदा माझे शब्द एकटे पाहिले, तुझ्याशिवाय. मला गोड वाटलं. तुझा हेवा मी फार दिवस केला, बाबा. आज देवाने दाखवलं, एकटे माझे शब्द किती, तर मूठभर."

बिराहिमच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आणि मला त्या भांड्याचा हेवा वाटला," तो म्हणाला. "मी खरंच टाकणार होतो ते विहिरीत."

मातारचा हात काचेवरच थांबला. "खरंच? म्हणजे त्या दिवशी... मी हसत होतो, आणि तू..." शिंप्याने माफी मागायला हात जोडले. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग बिराहिमने नाक पुसलं आणि म्हणाला, "जोपने माफी मागायची म्हणजे गाढवाने कुराण वाचायचं. राहू दे."

"मग न्जाय भात सोडेल तेव्हा मी मागेन," मातार म्हणाला. दोघेही रडत होते आणि हसत होते.

सेरीनने शेजाऱ्याच्या दाराचं वाक्य पुन्हा हळू सांगितलं. बिराहिमने ते उचललं. काय गायला तो त्या दिवशी! मी कुणाच्या दाराशी, कुणाच्या अंगणात उभी होते मला भान नव्हतं. सेरीनने डोळे मिटले.

फोन अजून शुक्रवारी तिथेच असतो. बिराहिम अजूनही त्याच्याकडे तिरक्या डोळ्याने बघतो, खोटं कशाला बोलू. पण लांबवलेला, वळणं घेणारा सूर त्या फोनला उमजत नाही. बिराहिम गायला लागला की काच कोरी राहते. मातार इटलीला पाठवताना ती जागा पुसत नाही. सेरीनच्या दोन वाक्यांमध्ये तो स्वतःच्या बोटांनी लिहितो: इथे बिराहिम गायला.

तर बाबांनो, तिसरं पाणी घ्या, आणि जाताना एवढं माझं ऐका. फोनवर कुणाचे शब्द वाचाल आणि मध्ये कुठे रिकामी जागा दिसेल, तिथे घटकाभर थांबा आणि आमच्या बिराहिमसाठी एक प्रार्थना म्हणा.