खाली येणाऱ्या तारा

“काय ऐकायचं ते जर मेंदूच ठरवत असेल, तर माणसानं कान धुवायचे तरी कशाला?”

पिपाने खणखणीत आवाजात विचारून टाकलं. मागे तिच्या मैत्रिणी केझाया आणि मॉर्व्हेन तोंड दाबून हसत होत्या. विचारलंस तर चीज रोल आमच्याकडून, ही पैज त्यांनीच बसमध्ये लावली होती. गेल्या वर्षीची पिपा कानातली श्रवणयंत्रं केसांखाली लपवून कोपऱ्यात उभी राहिली असती. यंदा तिने केस चक्क बारीक कापलेत आणि यंत्रं घेतलीत भडक केशरी!

डनीडनच्या विद्यापीठात त्या दिवशी प्रयोगशाळा सगळ्यांना खुल्या होत्या. मेंदूच्या दालनात पीएचडी करणारी मेरेआना होती. “धुवायचे गं बाई,” ती म्हणाली. “रस्ताच बंद झाला तर नाक्यावर येणार कोण?”

मग तिने सांगितलं. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा एक नाका असतो. कानातला निरोप आधी तिथे येतो आणि मग वर, मेंदूच्या सालीकडे, म्हणजे त्याच्या बाहेरच्या थराकडे जातो. इथवर पिपाला कळलं. पण वर जाणाऱ्या तारांपेक्षा सालीकडून खाली नाक्याकडे येणाऱ्या तारा कितीतरी जास्त, असं मेरेआना म्हणाली आणि सगळा गोंधळ झाला.

“म्हणजे हे सोड, ते अडव, असा हुकूम वरून येतो?”

“असंच काहीसं.”

“काहीसं म्हणजे?”

“उंदरांच्या मेंदूची साल आम्ही थोडा वेळ गप्प करून बघतो. मग नाक्यावरच्या पेशी कधी जास्त बोलतात, कधी कमी. दर वेळी असं का होतं, ते मला विचारू नकोस. माझ्या सरांना तर मुळीच नको, ते चिडतात.”

प्रश्न पैजेचा असला तरी उत्तर पिपाला खरंच हवं होतं. तिचं ऐकणं कमी कमी होत चाललं होतं, यंत्रं पुरत नव्हती. उजव्या कानात शस्त्रक्रिया करून नवं यंत्र बसवावं, असं डॉक्टर म्हणत होते. पण त्या कानात जे थोडं उरलंय, तेही त्यात जाऊ शकत होतं. आईबाबांनी निर्णय तिच्यावर सोडला होता, आणि सोमवारी डॉक्टरांना कळवायचं होतं. तिने मेरेआनाला हे सगळं सांगून टाकलं.

“तसलं यंत्र बसवल्यावर सुरुवातीला साधारण कसं ऐकू येतं, ते ऐकायचंय?” मेरेआनाने विचारलं. “आमच्या प्रयोगाची वाक्यं आहेत. अगदी सोपी.”

तिने आवाज पिपाच्या यंत्रांत सोडला, मैत्रिणींना हेडफोन दिले. खरखर, फसफस, आणि पुन्हा खरखर.

“हे वाक्य आहे?” मॉर्व्हेन किंचाळली. “माझी आजी घोरते तेसुद्धा जास्त कळतं!”

“मला पण नाही कळलं,” केझाया म्हणाली. पिपा बघतच राहिली. या दोघींचे कान तर ठणठणीत होते!

“अगं, इतकं तर स्पष्ट आहे! ‘समुद्रसिंह वाळूत झोपला आहे’!” मेरेआना म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारला. “गेलं! वाक्य आधी सांगायचं नसतं. वर्षभर हेच ऐकतेय मी. मला आता खरखर ऐकूच येत नाही.”

तिने तेच पुन्हा लावलं. समुद्रसिंह वाळूत झोपला होता, शब्दन् शब्द! पिपाने खरखर पुन्हा ऐकायचा खूप प्रयत्न केला, ती सापडेचना.

“मी ऐकलं की मला माहीत होतं म्हणून ऐकू आलं?”

“तेच तर शोधतोय आम्ही.”

“मग दुसरं लाव. आणि या वेळी तू गप्प बस!”

दुसरं वाक्य म्हणजे नुसती फसफस. तिसरंही तसंच. मैत्रिणी कंटाळून उंदरांच्या मेंदूची चित्रं बघायला गेल्या. पिपा हटेना. बऱ्याच वेळाने त्या खरखरीतून एक बाई हळूच बाहेर आली आणि म्हणाली, गाडीत छत्री विसरली.

“छत्री!” पिपा ओरडली. “गाडीत छत्री विसरली! बरोबर?”

मेरेआनाने मान डोलावली. तिचे डोळे चमकत होते.

“हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग वरून हुकूम आला तो कुठून?”

“आधीच्या वाक्यांवरून वरचे काहीतरी शिकले असतील. किंवा नाका शिकला असेल. किंवा दोघं.”

“म्हणजे तुला माहीत नाही.”

“नाही गं.”

घरी टेबलावर मासे वाफाळत होते. बाबा दाढीतल्या दाढीत काहीतरी पुटपुटले, आईने त्यांना कोपर मारलं आणि स्पष्ट विचारलं, “कसा गेला दिवस?”

“काही म्हणजे काही कळलं नाही,” पिपा म्हणाली. “आपण कानाने ऐकतो की डोक्याने, हे तिथल्या लोकांनाही धड सांगता येत नाही. भीती वाटतेय ती वाटतेयच. पण आई, बाबा, मी ऑपरेशन करून घेणार आहे. सोमवारी फोन मीच करीन. आणि नंतर मला काही कळलं नाही, तर लिहून दाखवायची घाई करू नका. आधी पुन्हा एकदा बोला.”