विसावा, लेन नंबर सात

आमच्या गावात मेलेल्या माणसालाही दम खायला जागा लागते. घर ते मसणवटा या वाटेवर अर्ध्यात तिरडी टेकवायची, पुढचे खांदेकरी मागे, मागचे पुढे, आणि मग चालू लागायचं. याला विसावा म्हणतात. आमच्या विसाव्याचं लिंबाचं झाड जिथे होतं तिथे आता टोलनाक्याची सात नंबरची लेन आहे.

हायवे सहापदरी झाला तेव्हा जमिनी गेलेल्या घरांतल्या पोरांना नाक्यावर नोकऱ्या मिळाल्या. मी त्यातलाच. आठ वर्षांत बूथमधून शिफ्ट इन्चार्ज झालो. लेनमध्ये तिरडी टेकली की निफाडकडच्या द्राक्षांच्या गाड्या खोळंबायच्या आणि मॅनेजर माझ्यावर डाफरायचे. शेवटी मीच घरोघर हात जोडत फिरलो, की विसावा सर्व्हिस रोडला करा आणि पुढच्या, हायवेखालच्या बोगद्यातून पलीकडे जा. गावानं ऐकलं. गाव पगारवाल्याचं ऐकतंच. ऐकलं नाही ते फक्त माझ्या बापानं.

"माझी आई तिथंच टेकली, बाप तिथंच टेकला," तात्या म्हणाले. "मला दुसरीकडं टेकवलं तर उठून बसीन."

मंगळवारी तात्या गेले. मी मॅनेजरांकडे दहा मिनिटं मागितली. दोन देतो म्हणाले, तीही तू आहेस म्हणून. मी त्यांचे आभार मानले, हे आठवलं की स्वतःची किळस येते.

सात नंबर बंद झाली. विस्तवाचं मडकं घेऊन पुढे मी, मागे तात्या. खांदेकऱ्यांत गोटीरामही होता. त्याच्या बापाला मी मागच्याच महिन्यात बोगद्यातल्या गुडघाभर पाण्यातून न्यायला लावलं होतं. तरी तो आला होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तिरडी टेकली. शेजारच्या लेनमध्ये एका गाडीनं हॉर्न दाबला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच. माझा मोकळा हात आपोआप वर गेला, रोज जातो तसा.

"चला, चला, पुढं घ्या," मी म्हणालो. "लाईन अडवू नका."

शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आले. सगळे माझ्याकडे बघत होते. गोटीराम मात्र खाली वाकला.

"उचला रे," तो सावकाश म्हणाला. "इन्चार्ज सांगतोय."

खांदे न बदलताच त्यांनी माझ्या बापाला उचललं.