गळालेली चांदणी

तिसरा खंड मंगळवारी दुपारी घरी आला. सुनेने खोकं कात्रीने कापलं, वरचा कागद सोडवला आणि विटेएवढं जाड पुस्तक सासूच्या मांडीवर ठेवलं. या सासूला छापखान्यात सगळे चिमटाबाई म्हणत. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, हाताने जुळवायच्या काळात चुकीचं अक्षर ओळीतून उपसायला एक बारीक चिमटा लागे, तो हिच्या कानामागे कायम खोचलेला असे. नावाला तेवढंच कारण नव्हतं. जिभेनेही हातभार लावला होता.

पुस्तकावर सोनेरी अक्षरांत मासिकाचं नाव, आणि खाली ‘विज्ञानकथा व अद्भुतकथा, समग्र, खंड तिसरा’. एकतीस वर्षं दर महिन्याला निघालेलं मासिक ते. त्यातली चोवीस वर्षं चिमटाबाईच्या बोटांखालून गेली होती. चंद्रावरची गावं, पाताळातल्या राण्या, माणसांशी भांडणारी यंत्रं, सगळं आधी तिने उलट्या अक्षरांत वाचलं आणि मग जगाने सुलट. खंड तळहाताने पुसून तिने थेट मास्तरांची गोष्ट काढली.

मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवणारे मास्तर. त्यांची दीपगृहाची गोष्ट ज्याने वाचली तो विसरला नाही. आकाशाच्या अगदी कडेला एक दीपगृह, त्यात एकटी बाई. तिच्या जन्माआधी निघालेलं एक जहाज त्या वाटेने परतायचंय, म्हणून ती रोज दिवा लावते आणि रोज नोंदवहीत हवा लिहिते. जहाज येत नाही. ती म्हातारी होते, तरी येत नाही. शेवटी एवढंच : तिने वात सारली, वही उघडली आणि लिहिलं, आज हवा स्वच्छ.

संपली गोष्ट. मास्तरांनी या शेवटासाठी छापखान्यात तीन खेपा घातल्या होत्या. ‘आकाश निरभ्र’ लिहिलेलं खोडून ‘हवा स्वच्छ’ केलं होतं, कारण म्हणे दमलेली बाई मोठे शब्द लिहीत नाही.

खंडात मात्र गोष्ट संपलीच नव्हती. त्याच परिच्छेदात, श्वासही न घेता, पुढे छापलं होतं : ‘स्वच्छ म्हणजे इतकी, की पलीकडच्या ग्रहावरची शिंपीण सुईत दोरा ओवताना दिसावी. शिंपिणीने मान वर केली आणि हात हलवला. म्हणाली, जहाज कधीच येऊन गेलं बाई, तुमचा डोळा लागला होता.’

चिमटाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून म्हणाली, आई, काय झालं, पाणी देऊ का. पाणी नको म्हणाली, चष्मा दे दुसरा. दुसऱ्या चष्म्यातूनही तेच दिसलं.

शिंपीण तिचीच होती, हे तर खरं दुखणं.

आता हे सांगायला हवं. हाताने जुळवायच्या दिवसांत गोष्ट संपून पानाच्या तळाशी पाचसहा ओळींची जागा उरली, की संपादक म्हणत, बाई, भरा काहीतरी. पानावर टक्कल पडलेलं त्यांना खपत नसे. मग चिमटाबाई हातातल्या हातात, कागदावर काही न लिहिता, एक चिमुकली गंमत थेट खिळ्यांत जुळवी. नाव नाही, गाव नाही. एकच नियम तिने स्वतःला घालून घेतला होता : वरच्या गोष्टीचा शेवटचा शब्द उचलायचा आणि तिथून सुरुवात करायची. आणि गोष्ट नि गंमत यांच्या मध्ये एक चांदणी बसवायची, खिळ्यातली, मुगाच्या दाण्याएवढी. चांदणीच्या वर लेखकाचं राज्य, खाली बाईची चेष्टा. वाचकांना ठाऊक असे. मास्तर तर दीपगृहाच्या त्या अंकाची प्रत घेऊन खिदळत आले होते. म्हणाले होते, चांदणी आहे म्हणून वाचलो, नाहीतर तुम्ही माझ्या म्हातारीला झोपाळू करून ठेवली असती.

चाळिसेक वर्षांनी तेच झालं होतं. चांदणी गेली होती. बाईने संध्याकाळपर्यंत खंड बोट ठेवून तपासला. अकरा गोष्टींना तिच्या शेपट्या चिकटल्या होत्या. प्रस्तावना लिहिणाऱ्या विद्वान गृहस्थांनी तर मास्तरांच्या ‘निष्ठेची खिल्ली उडवणाऱ्या बोचऱ्या शेवटावर’ दीड पान खर्ची घातलं होतं. दीड पान, तेही कशावर, तर एका जुळारणीने टक्कल झाकायला लावलेल्या टोपावर.

तिने धाकट्या मालकांना फोन लावला. हे संपादकांचे चिरंजीव. चड्डीत असल्यापासून बाईने पाहिलेले, शाईच्या डब्यात हात घातला म्हणून कानही उपटलेले. त्यांनी शांतपणे समजावलं, की जुने अंक यंत्राने वाचले, यंत्राला ती चांदणी कागदावरचा डाग वाटली, त्याने डाग काढले. माणसाने कुणी वाचलं नाही का, हे तिने विचारलं. एवढी हजार पानं माणूस कुठे वाचत बसणार, असं उत्तर आलं. प्रकाशन रविवारी आहे, मास्तरांचीच गोष्ट मोठ्याने वाचायची ठरली आहे, आणि खरं सांगायचं तर तो शेवट लोकांना फार आवडतोय, हेही त्यांनी सांगितलं.

“आणि मास्तर? त्यांना विचारलंस?”

“तीन आठवड्यांपूर्वीच प्रत पाठवली, बाई. त्यांना दिसत नाही आता, लेकीने वाचून दाखवली. त्यांची काही हरकत नाही.”

चिमटाबाईने फोन ठेवला. ज्या माणसाने दोन शब्दांसाठी तीन खेपा घातल्या त्याची हरकत नाही, हे तिच्या गळी उतरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटीच्या तळातून तो जुना अंक काढला, कापडी पिशवीत घातला आणि सुनेला न सांगता निघाली. सुनेने वरून हाक मारली, आई, निदान छत्री तरी. छत्री नेली. चिडलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असलेलं बरं.

मास्तरांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीशी खुर्ची, शेजारी मेज, मेजावर लेकीची वही आणि टोपण घातलेलं पेन. बाई दारात उभी राहायच्या आत मास्तर म्हणाले, “चिमटाबाई ना? जिन्यातच ओळखलं. तुम्ही पायऱ्यांवरसुद्धा रागावता.”

लेकीने तिला मावशी म्हणून आत घेतलं आणि चहा ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं. बाबा नवी गोष्ट सांगत होते, ती हळू आवाजात म्हणाली. रोज सकाळी एक पान, मी लिहून घेत होते. अकरा पानं झाली. तो खंड आल्यापासून बंद. म्हणतात, माझं डोकं गेलं. डॉक्टर म्हणतात वयोमान. मलाही आता तसंच वाटायला लागलंय, मावशी. परवा मला विचारत होते की माझ्या दुसऱ्या गोष्टी तरी मीच लिहिल्यात ना.

चिमटाबाई चहा न घेता बाहेर आली.

“मास्तर, त्या शेवटाला तुम्ही हरकत घेतली नाहीत म्हणे.”

मास्तरांनी खिडकीकडे तोंड केलं. “कशी घेऊ? शिंपिणीचं मला काही आठवेना. हिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. छापलंय ना? मग लिहिलं असेन मीच. सगळा जन्म ती बाई जागी आहे असं समजत होतो, आणि मीच तिला झोपवली होती.” जरा थांबून म्हणाले, “स्वतःची गोष्ट विसरणाऱ्याने नवी सांगू नये. भलतंच काही सांगून बसेल आणि पोरगी बिचारी लिहून घेईल.”

बाईला रडू आलं असतं, पण राग आधी पोचला. चोराने भांडी नेली, दागिने नेले, तर माणूस चौकीवर जातो. इथे चांगल्या चालत्या माणसाची त्याच्या स्वतःच्या स्मरणावरची श्रद्धाच उचलून नेली होती, आणि वर त्याच्याकडूनच पावती घेतली होती, की हरकत नाही. देवाने दृष्टी नेली ते देवाचं आणि मास्तरांचं आपसातलं. पण हे देवाने केलं नव्हतं. हे न वाचणाऱ्यांनी केलं होतं.

तिने पिशवीतून जुना अंक काढला, पान उघडलं, ते उलटं केलं आणि मास्तरांचं बोट पानाच्या पाठीवर टेकवलं. खिळ्यांची छपाई ती. अक्षर कागदात रुततं आणि मागे उठतं. मास्तरांचं बोट खरबरीत ओळींवरून सरकत खाली आलं. मग गुळगुळीत पट्टा लागला. पट्ट्याच्या मधोमध एकच टोचरा ठिपका.

बोट तिथेच थांबलं. लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“ही चांदणी,” मास्तर म्हणाले. “हिचं एक टोक मोडलं होतं. मी तुम्हाला म्हटलं होतं की बदला, आणि तुम्ही म्हणालात, मोडकी आहे म्हणूनच तुमच्या गोष्टीला ठेवली, तुमच्याकडे काहीच धड संपत नाही.”

बाईने पान सुलट केलं आणि लेकीला दाखवलं. चांदणीला टोकं पाचाऐवजी चार होती. लेकीने ती मोजली, पुन्हा मोजली आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

मास्तर मात्र खुर्चीत ताठ झाले होते. “वर माझी गोष्ट. खाली तुमची शिंपीण. बरोबर?”

“बरोबर. आणि दोष माझाही आहे. तुमचाच शब्द उचलून पुढे नेला, म्हणून सांधा दिसला नाही.”

“अंगणात खेळणाऱ्याचा काय दोष, भिंत कुणी पाडली ते बघा.” मग त्यांचा आवाज बदलला, पन्नास पोरांचा वर्ग गप्प करणारा जुना आवाज होता तो. “तीन आठवडे मला खुळा कुणी ठरवलं?”

त्याच दिवशी दुपारी लेकीच्या अक्षरातली चिठ्ठी घेऊन चिमटाबाई धाकट्या मालकांच्या कचेरीत गेली. भिंतीला लागून खंडांचे गठ्ठे रचलेले होते. मालकांनी खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि तोडगा काढला. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करू. किंवा त्याहून छान, बाईंचं नाव सहलेखिका म्हणून घालू. त्यांच्या ओळींचं इतकं कौतुक होतंय, चोवीस वर्षांचं चीज होईल. हे ते मनापासून बोलत होते, म्हणून ऐकायला जास्त वाईट वाटलं.

“माझं नाव नको. त्यांचा शेवट त्यांना परत दे,” बाई म्हणाली. “तुझ्या वडिलांचा नियम काय होता?”

नियम मालकांना पाठ होता. मागच्या अंकातली चूक पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर, अनुक्रमणिकेच्याही वर. मंगळाचे चंद्र चुकून तीन छापले गेले तेव्हा संपादकांनी ती चूक कथेच्या शीर्षकाएवढ्या टायपात कबूल केली होती. म्हणत, आपण वाचकाला नसलेली जगं खरी मानायला लावतो, मग निदान खोटं तरी बोलू नये. ही दुरुस्तीची पानं समग्र खंडांतून गाळली होती, निरुपयोगी म्हणून.

मालकांनी शुद्धिपत्र शेवटच्या पानामागे लावू म्हणून पाहिलं. बाईने चिठ्ठी पुढे सरकवली. चिठ्ठीत दोन गोष्टी होत्या : एक, पहिल्या पानावर शुद्धिपत्र चिकटवल्याखेरीज रविवारी गोष्ट वाचायला मास्तरांची परवानगी नाही, दोन, शुद्धिपत्राचा मजकूर मास्तरांचाच, त्यातला शब्द बदलायचा नाही. मालकांनी ती दोनदा वाचली. मग प्रस्तावनेचं काय करायचं, असं त्यांनी केविलवाण्या आवाजात विचारलं. ते विद्वानांना विचार, बाई म्हणाली, त्यांना बोचरे शेवट आवडतात.

शनिवारी सकाळपासून चिमटाबाई, तिची सून आणि बांधणीवाला कचेरीतल्या लांब मेजाशी बसून पट्ट्या चिकटवत होते. तीन ओळींची पट्टी, अनुक्रमणिकेच्या वर : ‘या खंडातल्या अकरा गोष्टींच्या शेवटी मासिकाच्या जुळारीणबाईंच्या गमती चुकून जोडल्या गेल्या आहेत. त्या स्वतंत्र वाचाव्यात आणि हसावं. दीपगृहातली बाई झोपली नव्हती.’

दुपारी मास्तरांच्या लेकीचा फोन आला. बाबांनी आज बारावं पान सांगितलं, मावशी; आणि विचारतायत, की गोष्ट संपल्यावर पानाखाली किती जागा उरेल, तेवढी तुमच्यासाठी सोडायची आहे. बाईने सांगितलं, चार ओळी पुरे, आणि चांदणी मी घेऊन येईन. फोन ठेवून तिने नाक पुसलं आणि पुन्हा डिंकाचा ब्रश उचलला.

शेवटचा गठ्ठा संपला तेव्हा तिने मोजदाद विचारली. आठशे, बांधणीवाला म्हणाला. छापले होते हजार. उरलेले दोनशे कुठे आहेत, हे तिने धाकट्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, ते तर आगाऊ मागणीवाल्यांना आणि ग्रंथालयांना कधीच गेले, बाई, आता त्याचं काय करणार.

“पत्ते दे,” चिमटाबाई म्हणाली.

“दोनशे पत्ते?”

“दोनशे घरांत ती बाई अजून झोपलेली आहे. पत्ते दे.”

आणि सुनेने न सांगता आणखी दोनशे पट्ट्या कापायला घेतल्या.